नागमोडी रेघेवरची फुली

ताईचा हात थरथरायला लागलाय, हे सगळ्यांत आधी कळलं ते तिच्या धाकट्या भावाच्या प्रोग्रॅमला.

कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ती पेन्सिलीने, पट्टी न लावता कच्चे आराखडे काढायची. भावाचा नवा प्रोग्रॅम ते वाचून मशीनसाठी नेटकी आकृती करायचा. या कामात नागमोडी रेघेला ठरलेला अर्थ असतो: वस्तू लांब आहे, कागदावर मावत नाही, म्हणून मधून तोडून दाखवली आहे.

चाचणीत भाऊ हसला. "ताई, तुझा एकूण एक दांडा मोडलेलाच कसा गं?"

तिने हात टेबलाखाली घेतला. त्याचं हसू विरलं.

"साहेबांना सांगू नकोस. हात गेला म्हणजे नोकरी गेली."

"वेडी की काय! तुझ्या कागदांपुरत्या सगळ्या नागमोडी रेघा प्रोग्रॅममध्येच सरळ करून टाकतो."

"आणि मी खरंच तोडून दाखवलं तर?"

"शेजारी फुली मार. तेवढं मी स्वतः तपासेन. आईची शपथ."

फुली मारताना ती डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायची. तेवढ्या दोन रेघांपुरता हात ऐकायचा.

गिऱ्हाइकांना प्रोग्रॅम दाखवायच्या धांदलीत भावाची एक फुली तपासायची राहिली, आणि प्रोग्रॅमने तिथली खरी तोडसुद्धा सरळ करून टाकली. लांबी आकड्यात लिहिलेली होती, पण मशीन आकृतीप्रमाणे कापतं. आखूड दांड्यांचा ढीग पडला. "दांडे आहेत की पोरांचे खुळखुळे?" कामगार खिदळले.

साहेबांनी दोघांना बोलावलं. "चूक कोणाची?"

ताईने भावाकडे पाहिलं. आई गेल्यावर लहानपणी हा ताईचा पदर मुठीत धरूनच झोपायचा.

"प्रोग्रॅम कागदावर असतं तेच वाचतो, साहेब," तो म्हणाला. मग तिच्याकडे न बघता, "ताईचा हात थरथरतो. इतके दिवस मीच सांभाळून घेत होतो."

"असं होय!" साहेबांचा आवाज मऊ झाला. "मग ताई, तुम्ही आता आरामच करा." कागद बाजूला सारता सारता ते थबकले. "ही फुली कसली?"

भावाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"चुकून उठली असेल," ताई म्हणाली. "हात थरथरतो ना."

साहेबांनी मान डोलावून कागद फाइलीत घातला. फुलीच्या दोन्ही रेघा सुतासारख्या सरळ होत्या. त्या ओळखणारा तिथे एकच जण होता, आणि तो फरशीकडे बघत होता.