वस्तादांच्या हातची पळी

मित्रांनो, मी एक जुनी पळी आहे. लांब दांडा, खोलगट वाटी आणि कडेला एक पोचा. पोचा पाहून मला कुणी बिचारी म्हणू नका. एका भल्यामोठ्या पातेल्यावर आपटून तो पडला, पण तेव्हाही मी भाजीचा थेंब सांडू दिला नाही. त्याचा मला अजून तोरा आहे.

भांडी घडवणाऱ्या एका कारागिराकडे मी जन्मले आणि तिथून थेट कारखान्याच्या कँटीनमध्ये गेले. तिथल्या मुख्य आचाऱ्याला सगळे वस्ताद म्हणत. दुपारचा भोंगा झाला की कामगारांची झुंबड उडायची. वस्ताद माझ्याकडून भराभर वाढून घ्यायचे. "वस्ताद, आज बोटं चाटायला लावलीत!" असं कुणी म्हटलं की ते कौतुक त्यांचं असायचं, पण निम्मं मी माझ्याकडे ठेवून घ्यायचे.

निवृत्त झाल्यावर वस्तादांनी मला घरी आणलं. घरातल्या इवल्याशा पातेल्यांना मी फारच मोठी पडायचे. मग स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगून मी धूळ खात राहिले. खरं सांगते, फार वाईट वाटायचं.

पुढे वस्तादांना मधुमेह झाला आणि काही वर्षांनी स्मृतिभ्रंशही जडला. नावं गेली, वार गेले, मुलाची ओळखसुद्धा कधी पटायची, कधी नाही. त्यांचं सगळं सूनबाई बघायच्या. जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायच्या आणि ताट पुढे करायच्या. वस्ताद ताट सारून उठायचे.

"इतक्यात कसं जेवू?"

"बाबा, दोन घास तरी खा ना!"

पण ते ऐकतील तर शपथ! एका दुपारी इंजेक्शन झालेलं आणि पोटात अन्न नाही, त्यामुळे साखर एकदम उतरली; त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले. सूनबाईंनी झटकन साखरेचं पाणी पाजलं, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी क्रम बदलून दिला. "यांना आधी जेवू द्या, मग लगेच इंजेक्शन. पण जेवण चुकता कामा नये." सूनबाईंच्या जिवाला घोर लागला, कारण नेमकं तेच तर रोज चुकत होतं.

मग एका सुट्टीच्या दिवशी वस्ताद स्वयंपाकघरात आले. त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, घासूनपुसून लख्ख केलं आणि विचारलं, "किती पानं वाढायची?"

सूनबाई गडबडल्या. "आम्ही तिघं आणि तुम्ही."

वस्तादांनी मुलाला, सुनेला, नातीला वाढलं. हात जरासुद्धा कापला नाही. मुलाला ते म्हणाले, "पाहुणे, लाजू नका, पोटभर जेवा." सगळ्यांची ताटं रिकामी झाली तेव्हा ते स्वतः बसले आणि शेवटच्या घासापर्यंत जेवले!

मुलानं कपाळावर हात मारला. "अगं, कँटीनमध्ये शेवटचा कामगार उठेपर्यंत बाबा घास घेत नसत. आणि आपण रोज त्यांनाच आधी बसवतोय!"

त्या दिवसापासून माझं नशीब फळफळलं. टीव्ही बंद, सगळे वेळेवर एकत्र. "मीठ कुणी घातलंय? बोलवा त्याला!" असं वस्ताद ओरडले की नात हसून लोळायची. इंजेक्शन वेळेवर, साखर आटोक्यात आणि मी भाजीत न्हाऊन निघालेली!

परवा दुपारी मात्र घरी सूनबाई एकट्याच होत्या. त्यांनी वस्तादांचं ताट वाढलं आणि म्हणाल्या, "तुम्ही बसा. मी नंतर जेवते."

वस्ताद बसेनात. जेवणाची वेळ टळत चालली, सूनबाईंचा चेहरा उतरला. त्या विनवत होत्या आणि वस्ताद त्यांच्याकडे टक लावून पाहत होते. त्या कोण, हे त्यांना आठवत नव्हतं.

"बाई, तू कोण ते मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण तू सकाळपासून उभी आहेस. पोटात काही नाही तुझ्या. आचारी आहे मी, चेहरा बघून कळतं मला."

त्यांनी मला काठोकाठ भरलं आणि सूनबाईंच्या ताटात रितं केलं. सूनबाई खाली बसल्या. डोळे पुसत, हसत जेवल्या, आणि पुन्हा मागून घेतलं. मग वस्ताद जेवले.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणीतरी कुणालातरी सांभाळत असेल. त्या सांभाळणाऱ्या माणसाला विचारा, "तू जेवलास का?" आणि नुसतं विचारून थांबू नका. वाढा.