उतईच्या वाटेवर

मी एक जुनी मोपेड आहे. माझा रंग हिरवा होता. जिथे गंज चढला नाही, तिथे तो अजून दिसतो. मित्रांनो, मला बेबीताईंनी घेतलं. त्या भिलाई-३ या वस्तीत अंगणवाडी सेविका होत्या आणि त्यांचे यजमान शामराव रेल्वेत. पोषण आहाराची पोती, बाळांचा वजनकाटा, रविवारी खुर्सीपारच्या ख्रिस्ती प्रार्थनाभवनात भजनाला न्यायची पेटी, सगळं माझ्यावरच लादलं जाई. "माही गाडी धोका नाई देत," असं त्या शेजारणींना सांगत. ते ऐकून मी चढावरसुद्धा दम लागू देत नसे.

पुढे त्यांचा एकुलता मुलगा प्रफुल्ल मला चालवू लागला. एका दुपारी कारखान्याच्या रस्त्यावर मागून ट्रक आला. मी नाल्यात पडले, माझा दिवा चेपला. प्रफुल्ल उठलाच नाही. ट्रक चालवणारा फकिरा दारू प्यायलेला होता.

मी बराच काळ पोलीस ठाण्याच्या आवारात ऊन खात पडून होते. मग शामरावांनी मला घरी आणलं, परसात टेकवलं आणि वर प्लास्टिक टाकलं. टायर बसले. पेट्रोलच्या नळीत कोळ्याने घर केलं. बेबीताई कपडे वाळत घालायला येत, पण माझ्याकडे पाठ करून.

फकिरा शिक्षा भोगून उतई गावी आपल्या घरी परतला. त्याच हिवाळ्यात प्रार्थनाभवनात तिथल्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, श्रद्धा नव्याने जागवणाऱ्या आत्मिक संजीवनाच्या सभा घेतल्या. त्या संपल्यावर एका सकाळी बेबीताईंनी माझ्यावरचं प्लास्टिक ओढून काढलं.

"काय करून राहिली?" शामरावांनी दारातून विचारलं.

"गाडी दुरुस्त करतो. उतईले जायचं हाये. फकिराकडं."

शामराव पायऱ्या उतरून आले. "आपल्या पोराले मारलं त्यानं! अन तू त्याच्या दारी माफी वाटाले जाशील?"

"माफी माह्याजवळ नाई. लय शोधली. पण पाळक म्हणाले, मन तयार झालं का मंग उठू, असं म्हणत बसलं तं जल्म सरते. प्रभूनं सांगितलं तं आधी उठावं. मले 'जा' म्हणून ऐकू आलं."

"अन मी नको म्हटलं तं?"

"तुमचं आजवर मोडलं नाई," बेबीताई हळूच म्हणाल्या. "हे मोडतो."

शामराव आत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज मी ऐकला.

मिस्त्रीने मला पुन्हा चालतं केलं. उतईला जाताना त्या नाल्यापाशी आलो तेव्हा बेबीताईंनी एकदम ब्रेक दाबला. मागून एक ट्रक हॉर्न देत होता. आता या वळतील, असं मला वाटलं. त्या वळल्या नाहीत.

उतईला फकिराच्या फाटकासमोर माझं इंजिन अचानक बंद पडलं. फकिराची बायको दुर्गा बाहेर आली. तिने बेबीताईंना कोर्टात पाहिलं होतं. ती किंचाळली, तसे दोन शेजारी काठ्या घेऊन ओट्यावर आले. मला तर पळताही येत नव्हतं.

मग फकिरा आला. त्याची नजर माझ्या चेपलेल्या दिव्यावर गेली आणि तो तिथेच मातीत बसला.

"मारा, माय," तो म्हणाला. "कोणी अडवणार नाई."

माझ्या हँडलवरची बेबीताईंची मूठ आवळत गेली.

"माफ केलं म्हणाले आली होती," शेवटी त्या म्हणाल्या. "निघून नाई राहिलं तोंडातून. खोटं कावून बोलू? मले प्रभूनं जा म्हटलं, म्हणून आली. पुढचं त्याचं काम." मग म्हणाल्या, "गाडी बंद पडली. पाह्य जरा."

फकिराने हात मागे घेतले. "मी आता गाडीले हात नाई लावत."

"हिले लाव."

त्याने माझा प्लग काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला. तो त्याच्या हातातून निसटून मातीत पडे, तो पुन्हा उचलून पुसे. डोळ्यांतलं पाणी पुसायला मात्र त्याला हात मोकळा नव्हता. मी सुरू झाले. दुर्गाने पाण्याचा लोटा पुढे केला. बेबीताई त्या लोट्याकडे नुसत्या बघत राहिल्या. काठ्यावाले तसेच उभे. मग बेबीताईंनी लोटा घेतला आणि त्या पाणी प्यायल्या.

घरी शामराव पायरीवर बसले होते. "म्हटलं का माफ?"

"नाई."

"मंग?"

"पाणी पेली त्याच्या घरचं."

बेबीताई पुन्हा गेल्या, आणखी एकदा गेल्या. तिसऱ्या खेपेला माफीचा तो शब्द निघाला; अगदी हळू, पण मी ऐकला. त्या रात्री त्या किती तरी दिवसांनी गाढ झोपल्या, असं शामरावांनीच शेजाऱ्यांना सांगितलं.

आणि आज उतईला निघायच्या वेळी शामराव स्वतः फडकं घेऊन आले. मला पुसलं, मागच्या सीटवर बसले. "मी तिथं काई बोलणार नाई, सांगून ठेवतो."

"नका बोलू," बेबीताई म्हणाल्या. "बसा फक्त."

मित्रांनो, ज्या वस्तूकडे बघवत नाही, ती कोपऱ्यात टाकून देऊ नका. तिला तेलपाणी करा. पहिल्या झटक्यात ती सुरू होणार नाही. तरी पायडल मारत राहा. आता मला निघायला हवं. शामरावांचं ओझं जड आहे, आणि नाल्याचं वळण अजून पुढे आहे.