सकाळवाले, संध्याकाळवाले आणि मी

मी एक जुना मोबाइल आहे आणि आमच्या बाईंच्या बागकामाच्या ग्रुपचा सगळा कारभार माझ्यावर चालतो. अख्ख्या गल्लीची मतं मी पोटात ठेवू शकतो, असं एकदा छातीठोकपणे सांगितलं. त्याच दुपारी शेजारच्या वकीलकाकांनी एकाच गुलाबाचे चाळीस फोटो टाकले आणि मी जागच्या जागी बंद पडलो.

मित्रांनो, नवा होतो तेव्हा बाई मला मऊ फडक्यानं पुसायच्या. आता माझी काच कोपऱ्यात फुटलीय. बोट एकीकडे लागतं, काम भलतंच होतं. "बदलू की काच," म्हणतात, आणि विसरतात.

भांडण कशावरून, तर कुंड्यांना पाणी सकाळी घालावं की संध्याकाळी. बाईंचे दादा सकाळचे, वकीलकाका संध्याकाळचे. दादा परगावी एकटेच राहतात. बोलायला त्यांना हा ग्रुपच. काका लिहायचे, "पुरावा द्या." दादा लिहायचे, "माझी मिरची बघा, तोच पुरावा." दिवसभर मी थरथरत असायचो. उशीखाली, पिशवीत, एकदा तर पिठाच्या डब्यात. जीव नकोसा झाला.

बाई ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या. त्यांना औषध एकच ठाऊक: विषयवार लावा. "पुस्तकं आपापल्या कपाटात गेली की गुण्यागोविंदानं राहतात," म्हणाल्या, आणि त्यांनी तीन ग्रुप केले. सकाळवाले, संध्याकाळवाले आणि दुपारवाले. दुपारवाल्यांत गल्लीतले दाताचे डॉक्टर एकटेच. ते रोज स्वतःलाच 'शुभ दुपार' लिहायचे, आणि ते पोचवायचं काम माझं.

बाकी दोन्हीकडे एकमत झालं आणि सगळ्यांची वाचाच बसली. "पाणी घातलं." "छान." संपलं. आठवड्याच्या आत दादा ग्रुप सोडून गेले. बाईंनी घाबरून फोन लावला.

"दादा, रागावलास का?"

"अगं बेबी, तिथं सगळे मला बरोबर म्हणतात. असल्या माणसांशी बोलायचं तरी काय?"

"मग दिवसभर करतोस काय?"

"मिरचीशी बोलतो. तो वकील डोक्यानं अर्धवट, पण निदान उत्तर तरी द्यायचा."

बाईंनी कॉल संपवला आणि चष्मा लावला. मग त्यांनी चौथा ग्रुप काढला: 'पाणी, फक्त वाद'. नियम एकच, झाडावर बोला, माणसावर नको. काका आले, डॉक्टर आले. शेवटी दादा आले आणि आल्या आल्या लिहिलं, "संध्याकाळच्या पाण्यानं मुळं कुजतात."

"कुणाची? पुरावा द्या," काकांनी लिहिलं.

बाई खुदकन हसल्या. कितीतरी महिन्यांनी मऊ फडकं काढून मला पुसायला बसल्या.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. आम्हाला प्रेमानं पुसा, पण आधी काच बदला.

फडकं फुटक्या कोपऱ्यावरून फिरलं. 'ग्रुप सोडायचा?' असं मी विचारलं. फडकं परत फिरलं आणि 'हो' दाबलं गेलं. बाई स्वतःच्याच ग्रुपमधून बाहेर पडल्या. ॲपनं आपोआप नवा ॲडमिन नेमला, वकीलकाका. त्यांनी दादांना काढलं आणि 'वाद मिटला' असं लिहिलं. खाली डॉक्टरांनी 'शुभ दुपार' लिहिलं.