बाबांच्या पाठीची पिशवी

मी शेकायची पिशवी बोलतेय. लाल रबराची, एका अंगाला उभ्या रेघा असलेली, गळ्याशी घट्ट बूच लावलेली. तुमच्याही घरात माझी एखादी बहीण कपाटाच्या तळाशी दुमडून पडली असेल. दुखलं की आठवण आणि थांबलं की विसर, हे आमच्या कुळाचं नशीबच आहे. त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला सांगायचं आहे ते एका मुलीबद्दल.

माझा जन्म तापलेल्या साच्यात झाला. जन्मतःच मला कुणीतरी हवा भरून फुगवलं, पाण्यात बुडवलं आणि बुडबुडे येतात का ते पाहिलं. आले नाहीत. मग खोक्यात घालून मला एका औषधांच्या दुकानात पाठवलं. तिथे मी काचेच्या कपाटात गुडघ्याच्या पट्ट्या आणि कुबड्या यांच्या शेजारी बसून गिऱ्हाइकांची तोंडं पाहत असे. कुणी खोकत यायचं, कुणी लंगडत यायचं, कुणी कानात बोलल्यासारखं हळू काहीतरी मागायचं आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं घेऊन मान खाली घालून निघून जायचं. त्या पुडक्यात असं काय असतं, हे मला तेव्हा कळत नसे.

मला नेलं ते एका सुताराने. जाड बोटांचा, केसांत कायम भुसा असलेला माणूस. कपाट उचलताना त्याची पाठ धरली होती. खाली त्याचा कारखाना आणि वर दोन खोल्या, त्यांत तो, त्याची बायको आणि एकुलती एक लेक.

त्या घरात माझं काय कौतुक! संध्याकाळी सुतार कण्हत वर आला की बायको लगबगीने पाणी तापवायची. लेक उशी आणायची. बाहेरच्या खोलीत, दार उघडं टाकून, सुतार पालथा पडायचा आणि मी त्याच्या कमरेवर बसायचे. जिन्यावरून जाणारे-येणारे आत डोकावून विचारायचे, "काय, आज कशी आहे पाठ?" तो सविस्तर सांगायचा. कुठून कळ निघते, कुठवर जाते, वाकलं की काय होतं, सगळं. त्याची पाठ साऱ्या जिन्याच्या ओळखीची होती.

लेक वरच्या वर्गात गेली त्या सुमारास एका दुपारी आईने मला भरलं. सुतार तर खाली कामात होता. मला नवल वाटलं. आईने मला जुन्या उशीच्या अभ्र्यात गुंडाळलं, आतल्या खोलीत नेलं आणि दाराला कडी घातली. गादीवर लेक गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. ओठ पांढरे, कपाळावर घाम.

"घे. पोटावर धर. आणि बाबांची चाहूल लागली तर पांघरुणात सरकव."

"आई, फार दुखतंय गं. असं दुखतं का?"

"पाळी आली की दुखतंच. सगळ्यांनाच होतं. मला नाही झालं? मेले का मी?"

आई निष्ठुर नव्हती बरं का. लेकीच्या केसांवरून हात फिरवत होती. पण तोंडात येत होतं ते तिच्या आईने तिला सांगितलेलंच असावं. दुपार कलल्यावर सुतार वर आला. "पोरगी का निजलीय?" आई म्हणाली, "डोकं दुखतंय." तेवढ्यात त्याला माझी आठवण झाली. लेकीने मला पांघरुणातून काढलं, आतलं पाणी ओतून टाकलं आणि माझी पाठ पुसून मला बाहेर दिलं. "वा! आधीच गरम आहे की," सुतार खूश होऊन म्हणाला.

असं पुढची सारी वर्षं चाललं. बाहेरच्या खोलीत मी बाबांच्या पाठीची पिशवी होते. आतल्या खोलीत मला नावच नव्हतं. मात्र दर महिन्याला तिचं दुखणं वाढत होतं. पूर्वी दिवसभर राहायचं ते मग दोन-तीन दिवस चालू लागलं. ती उलट्या करायची. मला इतकं कढत भरायची की रबराचा वास सुटायचा. कातडी भाजली तरी चालेल, पण आतली कळ दबायला हवी, असं तिचं झालं होतं. एकदा आई तिला गल्लीच्या टोकावरच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर मान वर न करता म्हणाले, "लग्न झालं, एखादं मूल झालं की थांबेल आपोआप," आणि गोळ्या दिल्या. आईला हायसं वाटलं.

तिला आवाज मात्र असा मिळाला होता की ऐकत राहावं. शिक्षण संपल्यावर ती रेडिओवर बातम्या वाचायला लागली. सुतारासाठी नवीन पिशवी आली आणि मी लेकीच्या पर्समधून रेडिओच्या इमारतीत जाऊ लागले. जाड दरवाज्यांची ती खोली, भिंतींना आवाज शोषणाऱ्या भोकाभोकांच्या फळ्या. ती मला मांडीवर घेऊन पोटाशी धरायची, वर ओढणी टाकायची आणि समोरचा लाल दिवा लागला की बोलू लागायची. काय सांगू तुम्हाला! ओढणीखाली तिचं पोट दगडासारखं आवळलेलं असायचं, पायांत गोळे यायचे, आणि आवाज मात्र लख्ख. पुराच्या, निवडणुकीच्या, गव्हाच्या भावाच्या बातम्या ती अशी सांगायची, जणू खिडकीत बसून कुणाशी गप्पा मारतेय.

काचेपलीकडे ध्वनिमुद्रण करणारे एक वयस्कर गृहस्थ बसत. त्यांचे कान इतके तिखट की सगळे त्यांना कानसेन म्हणत. एकदा बातम्या संपल्यावर ते आत आले.

"बाई, मध्येच कुठेतरी पाणी डुचमळल्यासारखं वाटलं. नळ गळतोय की काय?"

ती लाजून लाल झाली. "माझंच पोट वाजलं असेल."

"काही खाऊन येत जा हो," म्हणून ते निघून गेले. त्या दिवसापासून बूच लावण्याआधी ती मला दाबून आतली सगळी हवा काढून टाकू लागली. मीही आवाज करायचा नाही, असं ठरलं.

दुपारच्या बातम्यांच्या वेळी खाली कारखान्यात सुतार करवत बंद करायचा. गिऱ्हाईक बोलत असलं तर हाताने थांबवायचा. "जरा थांबा. माझी लेक बोलतेय." हे तिला घरी आल्यावर आई सांगायची. त्या दिवशी तिला बरं वाटायचं.

मग ती दुपार आली. सकाळपासून तिने दोनदा मला भरलं होतं. पायऱ्या चढतानाच ती मध्ये थांबली होती. रजा मागायची तर मागच्या महिन्यातच मागून झाली होती, आणि तेव्हा वृत्तसंपादक म्हणाले होते, "तुमचं दर महिन्याचंच आहे." लाल दिवा लागला. ती वाचू लागली. नदीवरच्या नव्या पुलाची बातमी होती. "पुलाचं उद्घाटन येत्या..." इतकं म्हणून ती थांबली. माझ्यावरची तिची बोटं अशी रुतली की बूच उडेल असं मला वाटलं. तिचं तोंड उघडं होतं, आणि शब्द नव्हता. काचेपलीकडे कानसेन उभे राहिले, हातवारे करू लागले आणि शेवटी त्यांनी गाणं लावलं. ती खुर्चीतून हळूहळू खाली घसरली.

संपादकांनी तिला पाणी दिलं, घरी जायला गाडीही दिली. दुसऱ्या दिवशी बोलावून म्हणाले, "रेडिओवर सगळं चालतं, शांतता चालत नाही. काय झालं होतं?"

तिने टेबलाच्या कडेकडे पाहिलं. "बरं वाटत नव्हतं, सर."

पोटातलं ओठावर आलंच नाही. त्यांनी तिची ध्वनिफितींच्या ग्रंथालयात बदली करून टाकली. तिथे फिती लावायच्या, पुसायच्या, मागेल त्याला काढून द्यायच्या. बोलायचं काम नाही.

घरी आईने परस्पर ठरवून टाकलं. "बाबांना सांग, घसा बसलाय."

त्या खोटेपणाचं पुढे काय झालं ते सांगताना मला आजही कसंसं होतं. सुताराने ते खरं मानलं. तो मध घेऊन आला. घशाच्या गोळ्या घेऊन आला. गळ्याला गुंडाळायला लोकरीचा रुमाल आणला. थंड पाण्याचं भांडं तिच्या हातातून काढून घेऊ लागला. ती काही सांगायला गेली की तोंडावर बोट ठेवायचा आणि म्हणायचा, "बोलू नकोस, बाळ. घशाला आराम दे. आवाज परत येईल." आई लाजेपोटी गप्प राहा म्हणत होती आणि बाप मायेपोटी. मधल्या मध्ये पोरीने तोंड उघडायचं कुठे? ती मुकाट मध चाटायची आणि आत येऊन मला पोटाशी घ्यायची. दुपारी खाली करवत चालूच राहायची.

एका सकाळी आई कुणाच्या तरी घरी गेली होती. लेक अंघोळीला म्हणून उठली आणि मोरीच्या दारातच कोसळली. तिचं किंचाळणं ऐकून सुतार पाठीचा विचार न करता जिना चढून आला. त्याने तिला उचललं. मी तिच्या हातात होते, तिने मला सोडलं नाही. टेबलं पोचवायच्या टेम्पोत फळ्यांच्या मधोमध तिला निजवून त्याने दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर मध्यमवयीन बाई होत्या. त्यांनी मला बाजूला केलं आणि कपडा सरकवला. लेकीच्या पोटावर तपकिरी डागांची जाळी उमटली होती. ते माझं काम. माझ्याच उबेने वर्षानुवर्षं ती कातडी अशी करून टाकली होती.

"हे वारंवार कढत शेकल्याशिवाय होत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कधीपासून दुखतंय?"

"आज सकाळपासून," सुतार घाईने म्हणाला. "आणि घसा तर तिचा केव्हाचा धरलाय."

लेकीने डोळे उघडले. "शाळेत असल्यापासून दुखतंय, डॉक्टर. दर पाळीला." मग बापाकडे न बघता म्हणाली, "घशाला काही झालेलं नाही, बाबा."

सुताराच्या हातात तिचा लोकरीचा रुमाल होता. त्याची तो घडी घालत राहिला.

तिच्यावर शस्त्रक्रिया झाली. नंतर डॉक्टरांनी आईबापाला बसवून सांगितलं. गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसंच तिच्या बीजकोषांवर, आतड्याच्या आसपास वाढलं होतं. दर पाळीला तेही सुजायचं, रक्त धरायचं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसायची. एका बीजकोषावर गाठ होऊन ती फुटली होती. तो काढावा लागला. दुसराही धड नव्हता.

"पाळीत थोडंफार दुखतं, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण माणूस उलट्या करतं, शुद्ध हरपते, काम सुटतं, इतकं दुखणं अंगावर काढायचं नसतं. त्याला औषध असतं."

"लवकर आणली असती तर?" आईने विचारलं.

"बरंच वाचलं असतं." मग म्हणाल्या, "मूल होणं कठीण आहे. मी खोटी आशा लावत नाही."

बाहेरच्या बाकावर दोघं बसले. मी आईच्या कापडी पिशवीत होते. सुतार म्हणाला, "माझी पाठ दुखली तर सगळं घर उठायचं. आणि तू मला एका शब्दाने सांगितलं नाहीस."

आई समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "मला तरी कुणी विचारलं होतं, अहो? मीही अशीच पडायचे. तुम्ही म्हणायचात, हिला कामाचा कंटाळा आहे."

सुताराने हात पुढे करून तिच्या मांडीवरची ती कापडी पिशवी स्वतःकडे घेतली. बस, इतकंच.

औषधांनी लेकीचं दुखणं पुष्कळ उतरलं. थांबलं नाही, पण माणसात राहता येण्याइतकं आलं. ती कामावर गेली तेव्हा तिच्या जागी दुसरी मुलगी बातम्या वाचत होती आणि चांगलं वाचत होती. संपादक म्हणाले, "आता ती घडी बसलीय." तेव्हा ती ग्रंथालयातच राहिली. एकदा जुन्या फिती तपासताना तिचा स्वतःचाच आवाज लागला. गव्हाच्या भावाची बातमी. दोन वाक्यांच्या मध्ये, कुणाला कळणार नाही असा, तिने श्वास रोखून धरला होता. तिने फीत मागे नेली, पुन्हा ऐकली आणि बंद केली.

परवाचीच गोष्ट. ती नवी मुलगी ग्रंथालयात आली, फळीला धरून वाकून उभी राहिली. "ताई, जरा बसू का इथे? पाणी गरम करायला काही आहे?"

लेकीने खणातून मला काढलं, किटलीतलं पाणी माझ्यात ओतलं आणि माझ्या खांद्याशी पाण्याची बारीक धार लागली. तेवढ्या ठिकाणी रबर चिरलं होतं. पाणी टेबलावर, फितींच्या खोक्यांवर पसरलं. मुलगी रडवेली झाली. "आता काय करू? अर्ध्या तासात बातम्या आहेत."

लेकीने मला तसंच ओलं बाजूला ठेवलं. द्यायला काही उरलं नव्हतं. म्हणून ती मुलीसमोर खुर्ची ओढून बसली.

"कधीपासून दुखतंय?"

मुलगी आधी म्हणाली, काही नाही. मग म्हणाली, होतंच ना सगळ्यांना. मग सांगायलाच लागली, आणि थांबेना. वेळ झाली तशी डोळे पुसून बातम्या वाचायला गेली. लेकीने खण बंद केला, पर्स खांद्याला लावली आणि स्टुडिओच्या जाड दाराबाहेर जाऊन उभी राहिली. दार उघडलं तेव्हा तिने मुलीचा हात धरला. डॉक्टरांकडे दोघी गेल्या. मी मागे राहिले.

आता मी सुताराच्या कारखान्यात आहे. लेक मला टाकणार होती, पण तो म्हणाला, बाकीचं रबर चांगलं आहे, खुर्च्यांच्या पायांना लावू. त्याने माझ्यावर पेन्सिलीने गोल आखून ठेवलेत. माझी हरकत नाही.

जाण्याआधी तुमच्यापाशी एक मागते. घरात कुणी पोट धरून निजली असेल, तर पिशवी जरूर भरून द्या. पण पिशवी दिली म्हणजे आपलं काम झालं, असं समजून उठू नका. मी नुसती ऊब द्यायचे. मला विचारता येत नव्हतं. तुम्हाला येतं.