दोन मिनिटं

चिट कोचं वय बत्तीस. ब्रह्मदेशात लेथवेच्या मुष्टियुद्धात शेवटच्या पाच लढती हरल्यावर तिकडे त्याला कुणी विचारेना, म्हणून तो सरहद्दीवरची नदी ओलांडून पलीकडच्या देशात, माए सोतला आला. थोंगदी वस्तादांनी त्याला आखाड्यात ठेवून घेतलं, ते एका अटीवर: देवळाच्या जत्रेतली लढत जिंकलास तर राहा, नाहीतर परतीचा पूल आहेच.

"आणि हे बघ, आमच्यात डोक्याने टक्कर मारत नाहीत," वस्ताद दीड महिना रोज बजावत होते. "डोकं फक्त विचाराला. असला तर."

चिट कोने डोकं सांभाळलं. तीन फेऱ्या तो सरस होता. चौथीत प्रतिस्पर्ध्याचं कोपर हनुवटीवर बसलं आणि तो आडवा झाला. फार लागलं नव्हतं. पंच एक ते दहा आकडे मोजू लागला. चिट को डोळे मिटून निवांत पडून राहिला. लेथवेत पडलेल्याला एकदा दोन मिनिटं मिळतात. पाणी मारतात, कान चोळतात, गडी पुन्हा उभा राहतो. त्याच्या निम्म्या लढती त्या दोन मिनिटांनीच जिंकून दिल्या होत्या.

"ऊठ, अरे ऊठ!" वस्ताद ओरडत होते. त्याने हात वर करून त्यांना धीर दिला.

तो ताजातवाना उठला, दंड थोपटले, तेव्हा समोरचा गळ्यात हार घालून फोटो काढून घेत होता. सगळी जत्रा हसली. चिट कोला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सकाळी तो पिशवी भरून वस्तादांसमोर उभा राहिला.

"टकरीचं सांगितलं," वस्ताद म्हणाले. "पडल्यावर उठायचं असतं, हेही सांगायला हवं होतं का रे?"

"तिकडे दोन मिनिटं देतात, वस्ताद."

"असं?" वस्तादांनी मनगटावरचं घड्याळ काढून समोर ठेवलं. "दिली. बोल, का ठेवू तुला?"

चिट कोला राहायचं होतं, फार राहायचं होतं, पण बोलणं कधी जमलंच नव्हतं. एक मिनिट गेलं. दीड गेलं. मग त्याने पिशवी खाली ठेवली, धाडकन जमिनीवर पाठ टेकली, आणि वस्तादांच्या तोंडून 'एक' निघायच्या आत ताडकन उभा राहिला.

वस्तादांनी कपाळावर हात मारला.

"आठपर्यंत पडून राहायचं, गाढवा! दम घ्यायला तेवढंच मिळतं इथे. चल, पुन्हा पड."