निरोगी गटातली वहिनी

बेबीचे पाय हळूहळू कामातून चालले होते. आधी जिना चढताना कठड्याचा आधार लागायचा, मग खुर्चीतून उठायलाही हात द्यावा लागू लागला. स्नायूंचा कसलासा आजार, एवढंच घरात सगळ्यांना कळलं होतं. बेबी भावाकडे राहायची. भाऊ कामाच्या रगाड्यात, त्यामुळे दवाखान्याच्या खेपा वहिनीच्या गळ्यात. वहिनी स्वतः कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभी असायची, ते कुणी मोजत नव्हतं.

दवाखान्यात या आजारावर संशोधन करणाऱ्या डॉक्टरीणबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "नुसते आजारी स्नायू बघून काय करू? तुलनेला त्याच वयाची निरोगी माणसं हवीत. तीच मिळत नाहीत. धडधाकट माणूस इथे येतोय कशाला!"

"आमची वहिनी घ्या की," बेबी म्हणाली. "ती साधी शिंकलेलीसुद्धा मला आठवत नाही."

वहिनीची कंबर सकाळपासून ठणकत होती. पण बेबीच्या पायांसमोर कंबरेचं काय सांगणार? ती हो म्हणाली.

रक्त तपासलं, हृदयाचा आलेख काढला, पाय ताणून पाहिले. "उत्तम! तुम्ही आमच्या निरोगी गटात," बाई म्हणाल्या. वहिनीला बरं वाटलं. तिनं घरी येऊन ते कौतुकानं सांगितलं आणि तिथेच सगळं बिनसलं.

पूर्वी कंबर दुखतेय म्हटलं की नवरा निदान "पड जरा" तरी म्हणायचा. आता म्हणू लागला, "अगं, एवढ्या मोठ्या डॉक्टरांनी तपासलंय तुला. ठणठणीत आहेस. काय धाड भरलीय तुला?" बेबी तर एकदा म्हणाली, "माझ्याकडे बघ वहिनी, आणि मग सांग काय दुखतंय ते." वहिनी भांडी घासायला वळली.

पुढच्या खेपेला मांडी बधिर करून जाड सुईनं स्नायूचा इवलासा तुकडा काढला. पट्टी बांधता बांधता बाई म्हणाल्या, "दोन दिवस उभं राहू नका. आणि हे कधीही नकोसं वाटलं तर सोडून द्या. कुणी कारण विचारणार नाही."

वहिनीला हसू आलं.

"काय झालं?"

"काही नाही. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं."

घरी नवऱ्यानं पट्टीकडे पाहिलं. "टोचलंच आहे ना? ऑपरेशन तर नाही केलं." मग ती ओट्याशी उभी राहिली, आणि दुसऱ्या दिवशी कटिंगच्या टेबलाशीही.

त्यानंतरची चाचणी सायकलची होती. तोंडावर मास्क, छातीवर वायरी, आणि शेजारी उभा टेक्निशियन ओरडतोय, "आणखी जोर! थांबायचं नाही! जमतंय तुम्हाला!" मांडीत कळा येत होत्या. वहिनीच्या मनात आलं, घरीही हेच, कारखान्यातही हेच, आता इथेही हेच. तिनं मास्क ओढून काढला आणि ती खाली उतरली.

बाई धावत आल्या. काळीनिळी मांडी पाहून त्यांनी कपाळाला हात लावला. "विश्रांती घ्यायला सांगितलं होतं ना!"

"तुम्ही सांगितलंत हो. पण मला निरोगी ठरवून मोकळ्या झालात ना. निरोगी बाईला विश्रांती कोण देतं?"

"आमच्या लेखी निरोगी म्हणजे हा आजार किंवा दुसरं मोठं काही नाही, एवढंच. माणूस दमत नाही, दुखत नाही, असं कुठे म्हटलंय आम्ही?"

"मग तेवढं माझ्या घरी येऊन सांगा!"

बाई ओशाळल्या. मांडी बरी झाल्यावर वाटलंच तर फोन करा, एवढंच म्हणाल्या.

बाहेर बाकावर बेबी काठी धरून बसली होती. "इतक्यात झालं?"

"सोडलं मध्येच."

बेबीचा चेहरा उतरला. "माझ्यासाठी एवढंही..."

वहिनीचा बांध फुटला. "तुझ्यासाठी मांडीचा तुकडा काढून दिलाय, बेबी! तुझे पाय अधू झाले म्हणून माझ्या पायांना दुखायची बंदी आहे का?"

आसपासच्यांनी माना वळवल्या. बोलून गेल्यावर वहिनीला स्वतःचीच लाज वाटली. बेबी काठीवर रेलून पुढे झाली आणि म्हणाली, "दाखव."

वहिनीनं आडोसा करून दाखवलं.

"दादानं पाहिलं हे?"

"त्यांनी टीव्हीवरची नजर काढायला हवी ना."

टॅक्सीत बेबी खिडकीकडे तोंड करून बोलली, "तू दुखतंय म्हणालीस की मला राग येतो. वाटतं, हिचं दुखणं थांबेल तरी."

"माहितीय मला."

"माहीत असून गप्प बसतेस, त्याचाही राग येतो."

"मग मी करू तरी काय, बाई?" वहिनी म्हणाली.

सायकलची ती चाचणी वहिनीनं पुढे, मांडी बरी झाल्यावर, पुरी केली. बेबीनं एकदाही आठवण करून दिली नव्हती. पण त्या दिवशी, टॅक्सीतून उतरून घरात पाऊल टाकताच बेबी भावाला म्हणाली, "ही आता झोपणार. स्वयंपाक तू कर."

"मी? आणि हिला काय झालंय?"

"मांडी सुजलीय तिची. आणि नसती सुजली तरी करायचास."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं, बहिणीकडे पाहिलं आणि तो तणतणत आत गेला. वहिनी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. झोप कसली येतेय! आत भांडी आदळत होती, काहीतरी करपत होतं, गॅस मोठा ठेवलाय हे तिला वासावरूनच कळत होतं. उठून बारीक करून यावा, म्हणून तिचे पाय शिवशिवत होते.

"मीठ कुठे ठेवतेस गं?" आतून हाक आली.

"डब्यात."

"कुठल्या डब्यात?"

तिनं दात आवळले आणि उशी कानावर ओढून घेतली.