व्यंकटरावांच्या बरणीतलं कोलेस्टेरॉल

डिसेंबरातल्या त्या रविवारी छावणीतल्या मंगल कार्यालयात दोनशे माणसं श्वास रोखून बसली होती. व्यासपीठावरच्या गादीवर आमचे शेजारी व्यंकटराव उघड्या छातीनं उताणे पडले होते. छातीवर पितळी कटोरा, कटोऱ्यात कोमट पाणी, आणि डोक्याशी मेदहारी महाराज.

महाराज पिशोरकडचे आहेत असं लोक सांगत. नसेतलं कोलेस्टेरॉल कातडीतून बाहेर ओढायचं, ही त्यांची सिद्धी.

"येलडीएल म्हंजी काय?" महाराजांनी माईकवर विचारलं. "येल म्हंजी लबाड. यचडीएल म्हंजी हरिभक्त. डाक्टरची गोळी दोघांलाबी मारती. आपला कटोरा फकस्त लबाडाला धरतो."

दोनशे माना हलल्या. मग पुंडलिक नावाच्या सेवकानं थर्मासातून कटोऱ्यात हिमालयाचं तीर्थ ओतलं. महाराज पुटपुटत राहिले. व्यंकटराव थंडीनं कुडकुडत राहिले. दहाएक मिनिटांनी पाण्यावर काहीतरी धूसर दिसायला लागलं, घट्ट झालं, आणि महाराजांनी एक पांढरीशुभ्र चकती उचलून सगळ्यांना दाखवली.

"निघालं बघा. सहा वर्सांचा मळ हाय."

ती चकती बरणीत घालून, वर नावाची चिठ्ठी चिकटवून व्यंकटरावांच्या हातात दिली गेली. "नजरेसमोर ठिवा. जोवर बरणीत घट्ट हाय, तोवर नसंत येणार नाय. अन् ती गोळी बंद करा."

मी अप्पाराव. शाळेच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं परिचर होतो. त्या दिवशी मी मागच्या रांगेत होतो, आणि खरं सांगतो, युक्ती मलाही कळली नव्हती.

व्यंकटराव निवृत्त हेडक्लार्क. गणपतीच्या दिवसांत त्यांना हार्ट अटॅक आला होता. स्टेंट बसला. डॉक्टर अमृतांनी बजावून सांगितलं होतं की कोलेस्टेरॉलची गोळी आता कायमची. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, सत्तरच्या खाली पाहिजे, जमलं तर पंचावन्नच्याही खाली. व्यंकटरावांना 'कायमची' हा शब्द खुपत होता. बरणी घरी आली तशी गोळी कपाटात गेली. रक्त पातळ करायची गोळी तेवढी चालू राहिली, कारण ती यमुनावहिनी स्वतः त्यांच्या हातावर ठेवत आणि गिळेपर्यंत हलत नसत.

बरणी बैठकीतल्या शोकेसमध्ये बसली. येणाऱ्या-जाणाऱ्याला व्यंकटराव ती दाखवत. गल्लीतल्या आणखी तिघांकडे बरण्या होत्या. कोणाचं जास्त पांढरं, यावर सकाळच्या फिरण्यात चर्चा होई.

संक्रांत झाली, दुपारचं ऊन तापायला लागलं, आणि एका दुपारी बरणीतलं कोलेस्टेरॉल नाहीसं झालं. त्या जागी पाण्यासारखं नितळ काहीतरी डुचमळत होतं. व्यंकटराव छातीला हात लावून खाली बसले. पुंडलिकला फोन गेला.

"पातळ झालं म्हंजी नसंत परत निघालंय," पुंडलिक म्हणाला. "कायतरी खाल्लं असंल तुम्ही."

व्यंकटरावांनी पाचोडच्या बाजारात दोन भजी खाल्ल्याचं कबूल केलं. उपाय म्हणून बरणी फ्रिजमध्ये गेली.

तिथून त्या घराचं सगळं विजेवर चालायला लागलं. लाईट गेली की व्यंकटराव कासावीस. आली, फ्रिज गुरगुरला, की चेहऱ्यावर रंग. पुतणीच्या लग्नाला गेले तेव्हा बरणी बर्फाच्या डब्यातून नेली. व्याह्यांनी विचारलं, डब्यात काय आणलंत? हे म्हणाले, "माझं कोलेस्टेरॉल आहे. उघडू नका."

जानेवारी संपत आला असताना एका सकाळी यमुनावहिनी दोन बरण्या घेऊन माझ्या ओट्यावर आल्या.

"भावजी, सांगा बरं, यातलं यांचं कोणतं आणि माझं कोणतं?"

"तुमचंही काढलं की काय वहिनी?"

"माझं डोक्याला लावायचं खोबरेल आहे. थंडीत गोठतं, उन्हात पातळ होतं. हे पण तसंच करतंय. काल त्यांचं डोकं मी याच बरणीतल्यानं चोळून दिलं. कापूर घालून वास लपवलाय, पण हाताला कळतं की."

"तुम्ही त्यांचं कोलेस्टेरॉल त्यांच्याच डोक्याला लावलंत?"

"हसू नका. सहा आठवडे गोळी बंद आहे. जिना चढताना दम लागतोय. मला अटॅकच्या रात्रीसारखं परत दवाखान्याच्या बाकावर बसायचं नाही."

मी हसणं थांबवलं.

मनधरणी करून व्यंकटरावांना तपासणीला नेलं. गोळी चालू असताना अडुसष्ट असलेलं एलडीएल आता एकशे त्रेसष्ट होतं. डॉक्टर अमृतांनी आकडा दाखवला, रागावल्या, समजावलं. व्यंकटराव ढिम्म.

"हा कागद आहे," बाहेर आल्यावर ते म्हणाले. "बरणीतलं डोळ्यांना दिसतं. गोळीनं काय होतं ते मला कुठं दिसतं?"

वहिनी म्हणाल्या, "बरं. मग डोळ्यांनीच बघा."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं मंगल कार्यालयात गेलो. वहिनी सरळ व्यासपीठावर चढल्या आणि पिशवीतून घरचा कटोरा काढला.

"महाराज, आज आमच्या कटोऱ्यात, आमच्या पाण्यात काढा."

"घरच्या भांड्यात शक्ती नसती माय."

"मग तुमचाच घेते." पुंडलिकनं भरून ठेवलेला कटोरा त्यांनी उचलला आणि शेजारच्या टेबलावर ठेवला. मग थर्मासाकडे हात नेला. पुंडलिक आडवा आला.

"थांब," खालून आवाज आला. व्यंकटराव उभे होते. "बघू दे मला."

पुंडलिक बाजूला झाला. वहिनींनी तीर्थ ओतलं. त्यात बर्फाचे दोन खडेही पडले. मंत्र कोणी म्हटला नाही. सगळे वाट बघत राहिले. हळूहळू पाण्यावर धूसर साय धरली, घट्ट झाली. वहिनींनी चकती उचलून दाखवली.

पहिल्या रांगेतले एक आजोबा गंभीरपणे म्हणाले, "टेबलाचं बी निघालं की. म्हंजी त्येलाबी अटॅक येणार व्हता."

कार्यालय हसून लोटपोट झालं. महाराज म्हणाले, "टेबल लाकडाचं हाय. झाडाला चीक असतो, त्यो निघाला." पण माईक तोवर माझ्या हातात आला होता.

मी सांगितलं ते एवढंच. कोमट पाण्यावर आधीपासून खोबरेल तेल पसरलेलं असतं. पातळ असताना ते नितळ असतं, लांबून दिसत नाही. वरून बर्फाचं पाणी ओतलं की ते गोठून पांढरं होतं. कोलेस्टेरॉल रक्तात असतं, ते छातीच्या कातडीतून घामासारखं बाहेर येत नाही. गोळी घेतली की यकृत ते कमी बनवतं आणि रक्तातलं जास्त खेचून घेतं. हे काम दिसत नाही, म्हणून तर रक्त तपासायचं. ज्याला चमत्कार दाखवायचाय त्याला आपलं भांडं द्या, आपलं पाणी द्या. आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. बरणीवर विश्वास ठेवून कोणाचा जीव गेला, तर बरणीला त्याचं काहीच वाटणार नाही.

हे बोलून मी वळलो तेव्हा महाराजांची गादी रिकामी होती.

आम्ही घरी परतलो. दारात आल्यावर व्यंकटराव वहिनींना म्हणाले, "मी घाबरलो होतो गं. कायमची गोळी म्हणजे कायमचा आजारी, असं वाटलं." वहिनी आत गेल्या आणि कपाटातली गोळी काढून आणली.

दीड महिन्यानं ते अमृतांकडे नवा रिपोर्ट घेऊन गेले. मीही सोबत होतो. एलडीएल बासष्टवर आलं होतं. अमृता म्हणाल्या, अजून थोडं उतरवू, गोळी अशीच चालू ठेवा.

"जन्मभर?" व्यंकटरावांनी विचारलं.

"जन्मभर."

"म्हणजे साधारण किती वर्षं?"

"गोळी घेतलीत," त्या रिपोर्ट परत देत म्हणाल्या, "तर बरीच."